पुनावळ्यातील सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घ्यावा का?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण साताऱ्याहून पुण्याला येत आहात. पतीची नोकरी हिंजवडीत आहे, मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल, आणि सासू-सासरेही सोबत राहणार आहेत. सासऱ्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुनावळ्यातील एका नव्या संकुलात तीनपैकी एकाच विंगचा ताबा तीन महिन्यांपूर्वी सुरू झाला असून तिथला सतराव्या मजल्यावरचा टू बीएचके २८,००० रुपये भाडे आणि १ लाख रुपये डिपॉझिट या बोलीवर मिळतो आहे. मालक परदेशात आहेत आणि एजंट ‘दोन दिवसांत टोकन द्या, नाहीतर हातचे जाईल’ म्हणून मागे लागला आहे. घर घ्यावे का, आणि घ्यायचे तर काय काय बघून घ्यावे, असे आपण विचारले आहे.

मी गेली अठरा वर्षे वाकड, ताथवडे, रावेत, बाणेर या पट्ट्यात लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचे, करार नोंदवण्याचे आणि बाहेरगावी राहणाऱ्या मालकांचे फ्लॅट सांभाळण्याचे काम करतो. म्हणजे माझी मिळकत बहुतांशी मालकांकडून येते, हे आधीच सांगितलेले बरे. घर घ्यायला माझी हरकत नाही. मात्र ज्या भागात अजून रस्ते खणलेले आहेत आणि शेजारची विंग बांबूच्या परांचीत उभी आहे, तिथे भाडेकरू फ्लॅटबरोबर पाणी, लिफ्ट, वीज आणि रस्ता यांची आजची अवस्थाही भाड्याने घेत असतो. माहितीपत्रकातला जलतरण तलाव, होऊ घातलेला विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता आणि येऊ घातलेली मेट्रो यांचे भाडे आज मोजण्याचे कारण नाही. आज जे चालू आहे त्यावर भाडे ठरवावे आणि जे चालू नाही ते करारात लिहून घ्यावे. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवतीच आहे.

एजंटच्या घाईबद्दल आधी बोलून टाकतो. एखाद्या विंगचा ताबा सुरू झाला की शे-दीडशे मालक एकाच महिन्यात भाडेकरू शोधू लागतात, आणि त्यांपैकी बहुतेकांचा गृहकर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो. फ्लॅट रिकामा राहिला तर महिन्याचे भाडे बुडते, हे आपल्यापेक्षा त्यांना अधिक टोचत असते. त्यामुळे हा फ्लॅट गेला तरी त्याच विंगमध्ये त्याच आराखड्याचा दुसरा मिळेल. पहिला पंधरवडा बिनभाड्याचा मागावा. पंखे, पडदे, किचन ट्रॉली, वॉटर प्युरिफायर बसवायला तेवढे दिवस जातातच, आणि नव्या इमारतीत मालक ही सवलत सहसा देतात. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि मालकाशी किंवा त्यांच्या अधिकृत प्रतिनिधीशी बोलल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही ऑनलाइन पाठवू नये.

कागदपत्रांत सर्वात आधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरता येईल असा दाखला, मागावे. पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत असल्याने ते त्या महापालिकेचे असेल. इमारतीचे काम टप्प्याटप्प्याने होत असेल तर भागशः भोगवटा दिला जातो आणि त्यात कोणत्या विंगचे कितव्या मजल्यापर्यंतचे फ्लॅट येतात ते लिहिलेले असते. आपला सतरावा मजला त्यात आहे का, एवढे दोन मिनिटांत वाचून होते. ‘फर्निचरसाठी ताबा’ या नावाखाली चावी दिली जाते आणि भोगवटा नंतर येतो, असा प्रकार या भागात सर्रास चालतो. प्रत्यक्षात १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्यानुसार पूर्णत्वाचा दाखला मिळण्यापूर्वी विकसकाने कोणालाही ताबा देऊ नये. भोगवटा नसेल तर नळजोड, कायमची वीजजोडणी आणि आगीच्या यंत्रणेची अंतिम मंजुरी या तिन्ही गोष्टी अधांतरी असू शकतात, म्हणून अशा फ्लॅटच्या बाबतीत मी सरळ नको म्हणतो. प्रकल्प महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर उघडून उरलेल्या दोन विंग पूर्ण होण्याची तारीखही पाहावी, कारण तोवर धूळ, काँक्रीटचे मिक्सर आणि ब्रेकरचा आवाज आपल्या वाट्याला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळेत स्लॅबचे काम चालते का, हे वॉचमनला विचारले तर तो खरे सांगतो.

आता पाण्याकडे वळतो, कारण या भागातल्या दहापैकी सात तक्रारी माझ्याकडे पाण्याच्याच येतात. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचे पाणी मिळते, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू करण्यात आला. नव्या संकुलांत तर पालिकेची जोडणी असली तरी ती अपुरी पडते आणि उरलेली गरज बोअरवेल व टँकरने भागवली जाते. एजंटला विचारले तर ‘चोवीस तास पाणी’ असे उत्तर मिळेल, आणि ते खोटेही नसेल, कारण नळाला पाणी चोवीस तास येत असतेच. ते कुठून येते आणि त्याचे पैसे कोण भरते, हे विचारायला हवे. त्याचे उत्तर गेटवर मिळते. बहुतेक संकुलांत सुरक्षारक्षकाकडे टँकरच्या नोंदीची वही असते. तीत वेळ, गाडीचा नंबर आणि लिटर लिहिलेले असतात. ती नम्रपणे पाहायला मागावी आणि मागच्या आठवड्याची पाने उलटावीत.

तिथे थोडे गणित करावे. पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. समजा विंगमध्ये आज शंभर कुटुंबे राहायला आली आहेत आणि घरटी चार माणसे आहेत, तर रोजची गरज ५४,००० लिटरची, म्हणजे १०,००० लिटरच्या साडेपाच टँकरची झाली. तिन्ही विंग भरून तीनशे कुटुंबे झाली की हीच गरज १,६२,००० लिटरवर, म्हणजे सोळा टँकरवर जाईल. वहीत आजच पाच टँकर दिसत असतील तर पालिकेचे पाणी जवळपास नाहीच असे समजावे, आणि दोन वर्षांनी सोळा टँकर त्या रस्त्यावरून कसे येणार याचा विचार करावा. आज टँकरचा खर्च विकसक सोसत असेल. संकुल सोसायटीच्या ताब्यात गेले की तो देखभाल शुल्कात उतरतो. देखभाल शुल्क भाड्यात धरलेले आहे की वेगळे, आणि वाढले तर वाढीव रक्कम कोणी भरायची, हे करारात लिहिलेले नसेल तर भांडण ठरलेले आहे.

पाण्याच्या दर्जासाठी दोन-तीनशे रुपयांना मिळणारा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, सोबत न्यावा. मी स्वतः खिशात बाळगतो आणि एजंट लोक त्यावर हसतात. पवनेचे पाणी मऊ आहे. बोअरचे पाणी मिसळले की आकडा चटकन वर चढतो आणि शॉवरच्या जाळीवर, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसू लागतो. टीडीएसवरून क्षार कळतात, जंतू कळत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळले तेव्हा पिण्याच्या पाण्याकडेच बोट दाखवले गेले होते. घरात मूल आणि दोन ज्येष्ठ असताना पिण्याचे पाणी उकळावे किंवा यूव्ही असलेला प्युरिफायर लावावा. तो मालकाने द्यायचा की आपण आणायचा, हेही चावी घेण्याआधी ठरवावे.

फ्लॅट पाहायला संध्याकाळी सात-साडेसातला जावे आणि दहा लिटरची बादली बाथरूमच्या नळाखाली धरावी. दीड मिनिटाच्या आत भरली तर ठीक. उंच इमारतीत वरच्या काही मजल्यांना दाब कमी पडतो म्हणून प्रेशर पंप बसवतात, आणि मधल्या मजल्यांना दाब जास्त होतो म्हणून दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. दोन्हींपैकी काही बिघडले की कुठे धार बारीक होते तर कुठे गिझरच्या जोडाचा पाइप फुटतो. फ्लशमध्ये किंचित पिवळसर पाणी दिसले तर घाबरू नये. बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठे असेल तर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, तीत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची अट असते, आणि तेच शुद्ध केलेले पाणी फ्लशला देतात. त्याला वास येत असेल तर मात्र प्रकल्प नीट चालत नाही. वासाची परीक्षा रात्री दहानंतर, वारा पडल्यावर होते.

आपल्या घरात गुडघ्यांचे रुग्ण असल्यामुळे लिफ्ट हा आपल्यासाठी दुसरा कळीचा मुद्दा आहे. नव्या विंगमध्ये पहिले वर्षभर लिफ्टचे खरे मालक सुतार आणि टाइल्सवाले असतात. लिफ्टला आतून प्लायवूड ठोकलेले असते, एक लिफ्ट मालवाहतुकीला बांधलेली असते, आणि सकाळी साडेआठला शाळेची मुले व कामगार एकाच वेळी खाली-वर करत असतात. एखाद्या कामाच्या दिवशी त्या वेळी तळमजल्यावर अर्धा तास उभे राहून पाहावे. लिफ्टमध्ये किंवा लिफ्टजवळ विद्युत निरीक्षक विभागाचा परवाना लावलेला आहे का, जनरेटरवर सगळ्या लिफ्ट चालतात की एकच, आणि वीज गेल्यावर ती किती सेकंदांत पुन्हा सुरू होते, हे विचारावे. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत पायरी आहे का, हे सासऱ्यांना सोबत नेऊनच पाहावे. नकाशात नसलेली एक पायरी प्रत्यक्षात हमखास निघते. स्ट्रेचर आडवे मावेल अशी एक तरी लिफ्ट असावी.

आगीबाबत थोडक्यात सांगतो. २४ मीटरच्या वर आणि त्यानंतर दर १५ मीटरला एक आश्रयमजला, ज्याला सगळे रेफ्युज एरिया म्हणतात, ठेवण्याचा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा दंडक आहे. आपल्या मजल्याला जवळचा रेफ्युज कितव्या मजल्यावर आहे ते पाहावे, तिथे उरलेल्या टाइल्सची खोकी रचून ठेवलेली नाहीत ना हेही पाहावे. जिन्याजवळच्या अग्निशमन पाइपवरील दाबमापकाचा काटा शून्यावर असेल तर यंत्रणा बंद आहे. हे कळायला तज्ज्ञ लागत नाही.

पावसाविषयी मात्र सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी ताथवड्यात चौदाव्या मजल्यावरच्या एका पश्चिमाभिमुख फ्लॅटची चावी मी मे महिन्यात एका तरुण जोडप्याला दिली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री अकराला त्यांचा फोन आला. जाऊन पाहतो तर हॉलच्या सरकत्या खिडकीची खालची ॲल्युमिनियमची पट्टी काठोकाठ भरलेली होती, वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी ते पाणी उसळून आत पडत होते, आणि दोघे चादरी पिळून पिळून बादलीत टाकत होते. अशा पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती रंगाऱ्यांनी पुट्टीने बुजवून टाकली होती. छत्रीच्या तुटक्या काडीने मी ती मोकळी केली आणि पाच मिनिटांत पट्टी रिकामी झाली. पण तोवर खिडकीला लागून असलेल्या कपाटाचा तळ फुगला होता, आणि वर्षअखेरीस मालकाने त्याची किंमत डिपॉझिटमधून कापायला काढली. चावी देताना मी खिडक्यांचे फोटो काढले नव्हते, त्यामुळे दोष कुणाचा हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हते. शेवटी माझे सेवाशुल्क सोडून मी तो वाद मिटवला.

पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, आणि सतराव्या मजल्यावर त्याला अडवणारे काहीही नसते. म्हणून फ्लॅट पाहताना तांब्याभर पाणी खिडकीच्या पट्टीत ओतावे आणि ते बाहेर जाते का, हे पाहावे. फ्लॅटने अजून एकही पावसाळा पाहिलेला नसेल तर गळती होणार असे धरूनच करार करावा. इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दिसला आणि तो कळवला, तर विकसकाने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा, अशी रेरा कायद्याची तरतूद आहे. म्हणजे गळती काढायला मालकाला खिशातून सहसा काही द्यावे लागत नाही, फक्त तक्रार करावी लागते. ‘भाडेकरूने कळवल्यापासून सात दिवसांत मालक विकसकाकडे लेखी तक्रार करील’ एवढे वाक्य करारात घातले की बरेच काम सोपे होते. आजकालचे बरेच टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटचे असतात. त्या भिंतीत साधे ड्रिल चालत नाही, खिळा वाकतो. एसीचे छिद्र, पडद्यांचे रॉड, मुलीसाठी बाल्कनीला जाळी आणि कबुतरांसाठी नेट, या सगळ्याची परवानगी आणि खर्चाची वाटणी आधीच ठरवावी. बाल्कनीच्या जाळीबाबत मी आग्रही आहे. ती बसल्याशिवाय मुलीला घेऊन राहायला जाऊ नये.

विजेचे एवढेच पाहावे की महावितरणचे स्वतंत्र मीटर त्या फ्लॅटच्या नावे बसलेले आहे आणि बारा आकडी ग्राहक क्रमांकाचे एखादे बिल निघालेले आहे. विकसकाच्या बांधकामासाठीच्या तात्पुरत्या जोडणीवर घर चालत असेल तर घरगुती दर लागत नाही आणि सबमीटरचा आकडा तो सांगेल तो. गॅसच्या पाइपलाइनमध्ये प्रत्यक्ष गॅस सुरू झाला आहे का, हे शेगडी पेटवून पाहावे. नुसता पाइप दिसून उपयोग नाही.

हिंजवडीचा प्रवास नकाशावर जवळचा दिसतो. पुनावळ्याच्या महामार्गाखालचा भुयारी मार्ग, भूमकर चौक आणि वाकडचा पूल यांतून रोज गेलेल्या माणसाला विचारा. मंगळवारी किंवा बुधवारी, म्हणजे कंपन्यांत हजेरी जास्त असते त्या दिवशी, पतीने त्या घरापासून कार्यालयापर्यंत सकाळी नऊला आणि परत संध्याकाळी सहाला एकदा प्रवास करून पाहावा, शक्य तर पावसात. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३.३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गिकेची मूळ मुदत मार्च २०२५ होती आणि ती पुढे गेली. शिवाय ती मार्गिका पुनावळ्यातून जातच नाही, त्यामुळे तिच्या नावाने कोणी जास्त भाडे मागत असेल तर हसून सोडून द्यावे. शाळेची बस संकुलाच्या गेटपर्यंत येते की मुख्य रस्त्यावरच थांबते, हा प्रश्न शाळेलाच विचारावा. आजूबाजूच्या मोकळ्या भूखंडांवर विकास आराखड्यात कसले आरक्षण आहे, तेही पाहावे. याच पुनावळ्यात नियोजित कचरा डेपोविरुद्ध रहिवाशांना २०२३ मध्ये रस्त्यावर उतरावे लागले होते.

आता करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलाही पाहिजे. ही जबाबदारी मालकाची आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही’ हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलेला आहे आणि महाराष्ट्रात तो चालत नाही. मुद्रांकावर नुसता नोटरी केलेला कागद इथे पुरेसा नाही. मग अकरा महिन्यांचाच आग्रह कशाला? करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मुलीची शाळा बदलायची नसेल तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करावा आणि दरवर्षीची वाढ आजच टक्क्यांत लिहून घ्यावी, नाहीतर अकरा महिन्यांनी एजंट नव्या दलालीसाठी पुन्हा दारात उभा राहतो.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे वार्षिक १० टक्क्यांचे मानीव व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागते. आपल्या आकड्यांनी अकरा महिन्यांचे भाडे ३,०८,००० रुपये, व्याज सुमारे ९,१६७ रुपये, म्हणजे शुल्क सुमारे ८०० रुपये. त्यावर शहरी भागाची नोंदणी फी १,००० रुपये. आधार पडताळणी करून ही नोंदणी घरबसल्या होते. भाडेकरूची माहिती पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे द्यायची आहे, पुणे पोलिसांकडे नाही. ही दोन आयुक्तालये २०१८ पासून वेगळी आहेत आणि लोक अजूनही चुकीच्या संकेतस्थळावर अर्ज भरतात.

लॉक-इनच्या कलमाकडे नीट पाहावे. छापील मसुद्यात भाडेकरूने सहा किंवा अकरा महिने सोडायचे नाही असे असते आणि मालकावर तसे बंधन नसते. ते दोघांवर सारखे असावे. आपल्या बाबतीत मी आणखी एक अपवाद घालेन: सलग तीन दिवस पाणी किंवा लिफ्ट बंद राहिली, किंवा कळवूनही गळती तीस दिवसांत थांबली नाही, तर भाडेकरू लॉक-इनमध्येही पंधरा दिवसांच्या सूचनेने, कपातीशिवाय घर सोडू शकेल. मालक कुरकुर करतात. पण जे खरोखर घराकडे लक्ष देणार असतात ते सही करतात, असा माझा अनुभव आहे. पार्किंगचा क्रमांकही करारात यायला हवा, आणि ते यांत्रिक दुमजली पार्किंग असेल तर आपली गाडी त्यात उंचीने बसते का, ते गाडी नेऊनच पाहावे. मुदत संपल्यावर घर न सोडल्यास दुप्पट भाड्याइतकी भरपाई द्यावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

मालक परदेशात असल्यामुळे दोन गोष्टी वाढतात. सही त्यांच्या वतीने नातेवाईक करणार असतील तर कुलमुखत्यारपत्र पाहावे: त्यात भाड्याने देण्याचा आणि करार नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे का, आणि ते परदेशात झाले असेल तर इथे आणल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलेला आहे का. फ्लॅट खरोखर त्यांचाच आहे याची खातरजमा सूची दोनवरून, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या खरेदीच्या नोंदीच्या उताऱ्यावरून (इंडेक्स टू), होते. दुसरी गोष्ट कराची आहे आणि ती एजंट कधीच सांगत नाही. मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असतील तर भाडे कितीही कमी असो, त्यातून कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी भाडेकरूची असते. दर ३० टक्के आणि उपकर धरून ३१.२ टक्के, म्हणजे २८,००० रुपयांतून दरमहा ८,७३६ रुपये. त्यासाठी आपल्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला आयकर खाते देते तो क्रमांक, घ्यावा लागेल, विवरणपत्रे भरावी लागतील, आणि हे केले नाही तर व्याजासह वसुली आपल्याकडून होऊ शकते. कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र मालक आयकर खात्याकडून आणू शकतात. ते आणायला सांगावे आणि सीएची फी कोण देणार ते ठरवावे. एवढ्या एका कारणासाठीच, दोन फ्लॅट सारखे असतील तर इथे राहणाऱ्या मालकाचा निवडा, असे मी सांगतो.

सोसायटी अजून स्थापन झालेली नसेल तर देखभाल विकसकाच्या कंपनीकडे असते आणि मालकाने एक-दोन वर्षांची रक्कम आगाऊ भरलेली असते. तीच रक्कम काही मालक भाडेकरूकडून पुन्हा दरमहा घेतात. पावती मागितली की विषय मिटतो. पुढे सोसायटी झाल्यावर भाड्याने दिलेल्या घरासाठी बिगरभोगवटा शुल्क लागेल. शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते मालकाने भरायचे आहे. ‘तुम्ही आमचे नातेवाईक आहात असे सांगा’ अशी गळ कोणी घातली तर ती मान्य करू नये. उद्या डिपॉझिट मागताना तेच वाक्य आपल्यावर उलटते.

हे सगळे जमले तर भाडे २५,००० ते २६,००० रुपयांवर आणण्याचा प्रयत्न करावा, आणि क्लब हाउस व बाग प्रत्यक्ष सुरू झाल्याच्या महिन्यापासून २८,००० द्यायची तयारी दाखवावी. अशी दोन टप्प्यांची बोली मी तीन-चार करारांत लिहिली आहे आणि ती पाळलीही गेली आहे. सासू-सासऱ्यांना मात्र पहिल्या दोन महिन्यांनंतर आणावे, लिफ्टवरची गर्दी आणि पाणी यांचा अंदाज आल्यावर. तोवर साताऱ्याचे घर मोडू नये.

चावी घेण्याच्या दिवशी मालकाच्या प्रतिनिधीला समोर उभे करून मोबाइलवर एक सलग चित्रफीत काढावी: दारापासून सुरुवात, प्रत्येक खिडकीची पट्टी, कपाटांचे तळ, बाथरूमच्या टाइल्सच्या फटी, नळ उघडून, फ्लश दाबून, आणि शेवटी वीजमीटरचा आकडा. ती त्याच वेळी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ‘मिळाली’ एवढे उत्तर घ्यावे. डिपॉझिट परत कधी मिळणार, तर चावी परत दिली त्याच दिवशी, असे करारात असावे; ‘तीस दिवसांत’ असे छापलेले असेल तर ते खोडून दोघांनी सही करावी.